निघणारा रंग

ऑक्टोबर लागला की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. पाऊस गेला म्हणावं, तर दुपार कलताना कुठूनतरी एक काळा ढग येतो, गच्चीवरचं वाळवण उचलायला लावतो आणि चार थेंब टाकून निघून जातो. थंडी आली म्हणावं, तर भर उन्हात डोळ्यांपुढे पांढरं होतं. नाशिकच्या भोवतीच्या मळ्यांत द्राक्षांची छाटणी चालू असते, बांधाबांधावर कापलेल्या काड्यांचे भारे पडलेले असतात. देवळाली कॅम्पच्या बाजूने तोफांचा सराव पुन्हा सुरू होतो आणि सकाळी चहा गाळताना खिडकीची काच थरथरते. हा महिना कशातच पुरता नाही. त्यात धड बसवत नाही, धड निजवत नाही.

परवा आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गॅलरीचं ग्रिल रंगवायला काढलं. स्प्रेचा डबा हलवला की आतली गोळी खडखडते. तो आवाज आला आणि मी परातीतली कणीक तशीच सोडून बाहेर आले. पाठोपाठ वास आला. पातळ, गोडसर, टाळूला चिकटणारा. शेजारीण वर बघून म्हणाली, त्रास होतोय का वासाचा, होत असेल तर उद्या करू. मी म्हटलं, नाही नाही, चालू द्या. आणि कणकेच्या हाताने तिथेच उभी राहिले. मला तो वास पुरता घ्यायचा होता.

हा वास पहिल्यांदा घेतला, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी माहेरी होते. श्रावणातल्या एका दुपारी भाजी आणायला म्हणून कल्याणच्या घरातून गाडी घेऊन निघाले होते. भाजीबाजार मागे पडला, तरी थांबले नाही. पुढे कसारा घाट लागला. घाटात धुकं आणि पाऊस असा, की समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी त्या दिव्यांच्या मागे मागे चढत राहिले. संध्याकाळी नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत, आईच्या दारासमोर गाडी उभी केली तेव्हा माझ्याकडे एक पर्स आणि रिकामी भाजीची पिशवी होती. आईने पिशवीत हात घालून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता आणखी दोन भाकरींचं पीठ मळायला घेतलं.

प्रशांत, म्हणजे माझा नवरा, वाईट माणूस होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. तो मारत नव्हता, पीत नव्हता. तो बघत होता. मी फोनवर कुणाशी बोलते, दुधाला जायला किती वेळ लावते, शेजारणीशी हसते तेव्हा काय बोलून हसते. तो कामाला रेल्वेने जायचा, गाडी घरीच असायची. संध्याकाळी आला की चपला काढायच्या आधी गाडीत डोकावून मीटरवरचा आकडा बघायचा, आणि मग जेवताना, वरणावर लिंबू पिळता पिळता विचारायचा, आज इतकी फिरलीस कुठे. आवाज कधी चढला नाही. पण हळूहळू मी घरातल्या घरात चालतानासुद्धा कुणीतरी माझी पावलं मोजतंय असं चालायला लागले होते.

माहेरी मोजणारं कुणी नव्हतं, आणि तरी मला बसता येईना. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून ओसरीत, ओसरीतून दारात. पुस्तक उघडायचं, मिटायचं. भाजी निवडायला घ्यायची, अर्धी टाकून उठायचं. आई म्हणायची, सुजाता, बाई, एका जागी बस जरा, तुझ्याकडे बघून माझाच जीव घाबरा होतो. अण्णा, माझे वडील, काही म्हणत नसत. ते इगतपुरीला रेल्वेत होते. घाट चढायला गाड्यांना मागून जादा इंजिन लावतात, त्या जोडण्या-सोडवण्याच्या कामावर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला घर घेतलं, आणि तिथेही स्टेशनातून निघणाऱ्या गाडीचा आवाज आला की बोलता बोलता थांबून, ती सुटेपर्यंत ऐकत राहायचे.

मी गाडी धूत राहायचे. रोज. काही कारण नाही. बादली, फडकं, जुना ब्रश. पांढरी गाडी, आणि तिची ती चंदेरी चाकं. त्या चाकांवर येऊन माझा हात जड व्हायचा.

त्या चाकांची एक गोष्ट आहे. लग्न ठरताना प्रशांतच्या घरच्यांनी मागितलं असं काही नव्हतं. अण्णांनीच भीत भीत म्हटलं, मुलीला गाडी द्यायचा विचार आहे. तेव्हा प्रशांतचे मामा पाठ टेकून बसले होते. ते म्हणाले, देणारच आहात तर ती अलॉयच्या चाकांची बघा, साध्या चाकांची काही शोभत नाही. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून ती गाडी घेतली. कागदावर नाव प्रशांतचं. भेट म्हणून दिली, आणि मंडपाच्या दाराशी उभी केलेली ती गाडी पाहून सगळ्यांनी अण्णांचं कौतुक केलं. लग्नात माझे फोटो निघाले त्याहून जास्त बहुधा त्या चाकांचे निघाले असतील.

माझ्या वकीलबाई स्पष्ट बोलणाऱ्या. परस्पर संमतीने सुटका होत असेल तर तेच बघू, म्हणाल्या, पण गाडीचा वाद आहे. नाव त्याचं, पैसे तुमच्या वडिलांचे. निकाल लागेपर्यंत गाडी आहे तशी ठेवा, तिच्यात काहीही बदल करू नका. मी हो म्हटलं. घरी येऊन गाडी धुवायला घेतली. चाकावर फेस चढवला, पाणी मारलं, आणि ते धुतलेलं चाक माझ्याकडे बघून असं चमकलं की मला तिथे उभं राहवेना.

काढून टाकता येणारा रंग असतो हे मला लग्नाआधीच्या माझ्या कचेरीतल्या एकाने कधीतरी सांगितलं होतं. रबरासारखा असतो, स्प्रेने मारायचा, आणि नको झाला की सालीसारखा सोलून काढायचा; खालचं जसंच्या तसं. तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. आता तेवढं एकच डोक्यात फिरायला लागलं. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात काळ्या रंगाचे डबे मिळाले, मॅट काळा, जराही चमक नसलेला. दुकानदाराने विचारलं, घरीच करणार का. मी मान हलवली. त्याने एकच सांगितलं.

“पातळ मारू नका ताई. लोक कंजुषी करतात. पातळ मारलं तर निघताना रडवतं. जाड मारा, थरावर थर, मग एका ओढीत निघेल.”

घरी पिशवी उघडली तसा अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कोर्टाचं काम चालू आहे, उद्या त्यांचा वकील म्हणेल गाडी खराब केली. मी सांगितलं, निघतो हा रंग. ते म्हणाले, सगळे दुकानदार असंच म्हणतात. मग मी स्वयंपाकघरातून पातेल्यावरचं स्टीलचं झाकण आणलं, ओसरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि झाकण काळं केलं. आई आतून ओरडली, ते रोजच्या वापरातलं आहे गं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकणाच्या काठाला नख लावलं, जरा कोपरा सुटला आणि मी झाकण अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी दोन बोटांत कोपरा धरून ओढला. रंग सरसर निघत आला, दुधावरच्या सायीसारखा, न तुटता, आणि खालून झाकण पहिल्यासारखं लख्ख. त्यांनी ती काळी साय उजेडात धरली, ताणून पाहिली, बोटाला गुंडाळली. त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी हसू आलं. मग त्यांनी झाकणाची दुसरी बाजू उलटून पाहिली, तिकडे काही राहिलंय का म्हणून. नव्हतं, तर जरा हिरमुसलेच. चहा झाल्यावर स्वतःच म्हणाले, जॅक कुठे ठेवलाय गाडीत?

चाकाला रंग मारताना टायर झाकावं लागतं. त्यासाठी रिंगच्या आणि टायरच्या मधल्या फटीत जाड कागदाचे तुकडे गोलाकार खोचत जायचे, पाकळ्यांसारखे. घरात तसा जाड कागद शोधायला लागलो. आईने कपाटाच्या वरून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. आम्ही दोघी त्या खोक्याकडे बघत राहिलो. आईच म्हणाली, कागद चांगला जाड आहे. मी एक पत्रिका उचलली तशी तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. पत्रिकेच्या वरच्या पानावर बुद्धमूर्तीचं चित्र होतं. आई कात्री घेऊन पाटावर बसली आणि प्रत्येक पत्रिकेचं वरचं पान तिने हळूच कापून वेगळं केलं, एकावर एक नीट रचलं आणि कपाटात ठेवून दिलं. आतली पानं माझ्याकडे सरकवली. त्यांवर माझं नाव, प्रशांतचं नाव, आमच्या आईवडिलांची नावं, मंगल कार्यालयाचा पत्ता.

“ही घे,” ती म्हणाली. “यांना रंग लागला तर चालेल.”

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. कॉलनीत सगळीकडे गाड्या धुणं चाललं होतं, आमच्या दारातलं काम कुणाला वेगळं वाटलं नाही. अण्णांनी दोन दोन विटा रचल्या, एकेका चाकाचे नट पान्याने सैल केले. चाकं काढून आडवी ठेवली. ब्रेकची काळी भुकटी चाकांच्या कानाकोपऱ्यांत बसली होती, ती मी साबणाने, दातांच्या ब्रशने काढत बसले. कोरडं करायचं, पुन्हा पुसायचं, बोट फिरवून बघायचं. मग पत्रिकांच्या पाकळ्या खोचायच्या. तोंडाला ओढणी बांधायची, डबा हलवायचा, गोळी खडखडली की हात फिरवत राहायचा; थांबला की ओघळ येतो. पहिला थर विरळ, धुक्यासारखा, खालची चांदी दिसत राहते. मग वाट बघायची. दुसरा थर. पुन्हा वाट. वाट बघणं मला त्या दिवसांत अजिबात जमत नव्हतं, आणि तो रंग दर थराला मला थांबायला लावत होता. मी अंगणात फेऱ्या मारायचे. अण्णा वाकून बोटाची पाठ रंगाजवळ नेऊन, न टेकवता, गारवा बघायचे आणि म्हणायचे, अजून ओलं आहे.

तीन चाकं नीट झाली. चौथ्याच्या शेवटच्या थरांवर होते आणि आभाळ बदललं. परतीचा पाऊस सांगून येत नाही. इगतपुरीकडून आलेला ढग, मध्येच सुटलेलं वारं, अंगणातली धूळ उडून ओल्या रंगावर बसली आणि मागून टपोरे थेंब. मी चाक उचलायला गेले तर हात सरकला, ओल्या रंगावर बोटं उमटली. अण्णा घरातून छत्री घेऊन धावले आणि चाकावर छत्री धरून उकिडवे बसले, स्वतः भिजत. पाऊस जेमतेम आला आणि गेला. चाकावर मात्र पांढुरके डाग पडले, ओघळ आले, धुळीचे कण रुतून बसले. मला रडू कोसळलं. चाकासाठी नव्हतं ते, पण चाकासमोर बसूनच आलं. अण्णांनी छत्री मिटली. म्हणाले, हे आतल्या बाजूला लावू. मी म्हटलं, अण्णा, चाकाला आतली बाजू कुठली? त्यांना पटलं. मग म्हणाले, बरं, भिंतीकडच्या बाजूला लावू.

अशी ती गाडी उभी राहिली, पांढरी, काळ्या चाकांची. रस्त्यावर शंभर वेळा दिसते तशी. तिची चमक गेली होती आणि मला तिच्याकडे बघता येत होतं. दसऱ्याच्या दिवशी कॉलनीतल्या इतर गाड्यांना झेंडूचे हार होते. आमच्याकडे हार नसतो. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. मी पांढरी साडी नेसले, आणि नखांच्या कडांना बसलेला काळा रंग लपवायला हात पदराखाली घेतले. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि विचारलं, मेंदी का? मी हसले. खूप दिवसांनी हसले बहुतेक, कारण आई वळून बघायला लागली.

त्याच आठवड्यात मी अण्णांना आणि आईला घेऊन हरसूलच्या बाजाराला गेले. काही आणायचं नव्हतं. आईला म्हटलं, भाकरीला नागली बघू. खरं म्हणजे मला चालवायचं होतं. त्र्यंबकच्या पुढे रस्ता डोंगरात शिरतो. उतारांवर भात पिवळा पडत आला होता, आणि वरच्या माळांवर खुरासणी फुललेली, कुणी पिवळी साडी वाळत घालावी तशी. वळणावर वळणं. मी कुठे थांबले, कुठे हळू झाले, कुणी विचारलं नाही. तरी मध्येच माझी नजर मीटरकडे जायची. माणूस सुटला तरी सवय कुठे सुटते.

बाजारात आई नागलीच्या मापावरून एका म्हातारीशी घासाघीस करत होती. मी आणि अण्णा गाडीला टेकून चहा पीत होतो. अण्णा काळ्या चाकाकडे बघत होते. अचानक म्हणाले, “मी विहारात उभा राहून बोलायचो. हुंडा देऊ नका, घेऊ नका. लोक ऐकायचे माझं.” मग वाकून त्यांनी चाकावरची धूळ बोटाने पुसली. “तुझ्या वेळी भेट म्हणालो. भेटीला कुणी चाकं निवडून सांगतं का?”

“मला माहीत होतं, अण्णा. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतके खूश होतात,” मी म्हटलं.

त्यांनी कप गाडीच्या टपावर ठेवला, परत उचलला. चहा संपला होता हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आई नागलीची पिशवी घेऊन आली आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून म्हणाली, काय झालं? काही नाही, अण्णा म्हणाले, ऊन लागतंय.

नंतर कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशनाची तारीख आली. प्रशांत आला होता, वाळलेला, दाढी वाढलेली. बाहेर त्याने गाडी पाहिली, चाकं पाहिली, ओठ मिटले. आत मात्र तो शांतपणे बोलला. संमतीने वेगळं व्हायला तो तयार होता. गाडी त्याला हवी होती, आणि जशी होती तशी. बाहेर आल्यावर वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आपण भांडू शकतो, वडिलांनी पैसे भरल्याचा पुरावा आहे. पण मग हे लवकर आटपणार नाही, वर्षं जातील. विचार करा, घरी बोला.

घरी बोललो. अण्णा पहिल्यांदा माझ्यावर चिडले. ते मी दिलंय, म्हणाले, माझ्या घामाचं आहे, त्या माणसाच्या दारात ते परत जाऊ देणार नाही. मी लढतो, तुला काही करायला नको. आई मध्ये पडली नाही; ती भिंतीशी बसून लसूण सोलत राहिली, सोललेला पुन्हा सोलत राहिली. मी खोलीत फेऱ्या मारत होते. अण्णांचं खरं होतं. ते सोडून द्या म्हणण्याचा मला काय अधिकार? आणि तरी मला आतून कळत होतं, की उद्या उठून मी पुन्हा ती गाडी धुणार, परवा पुन्हा, पुढच्या ऑक्टोबरातही धुणार, आणि कोर्टाच्या तारखा माझ्या मीटरवर चढत राहणार. मी थांबले. अण्णांच्या समोर बसले.

“अण्णा, ती गाडी दारात आहे तोवर मी सासरीच आहे.”

ते उठून बाहेर गेले. आम्ही दोघींनी दारातून पाहिलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, टपावर हात ठेवून उभे राहिले. रेल्वेत असताना इंजिन जोडून झालं की ते असाच डब्यावर हात ठेवायचे, असं आई कधीतरी म्हणाली होती. स्टेशनातून कुठलीशी गाडी सुटली. ती जाईपर्यंत ते ऐकत उभे होते. सकाळी चहा पिताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, वकीलबाईंना फोन कर.

प्रशांत गाडी न्यायला आला त्या दिवशी कडक ऊन होतं. तडजोडीच्या कागदावर कोर्टात दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन गेल्या होत्या. तो एकटाच आला. अण्णा आत जाऊन बसले, भेटायला आले नाहीत. आईने त्याला पाणी दिलं, त्याने वाकून नमस्कार केला, जय भीम म्हणाला. तिनेही म्हटलं. मग मी म्हटलं, थांब, रंग काढून देते.

मला वाटलं होतं तो ओसरीत बसेल. तो माझ्या मागे आला आणि हात बांधून उभा राहिला. मी पहिल्या चाकाच्या कडेला नख लावलं. कोपरा सुटला, धरला, ओढला, आणि तो जाड काळा थर चाकाच्या आऱ्यांवरून, खाचांमधून उलगडत एका ओढीत निघून आला. चाकाचा आकार घेतलेलं एक रिकामं कवच माझ्या हातात राहिलं. खालची चांदी उन्हात चमकली. प्रशांत पुढे झुकला. मला दिसलं, त्यालाही ओढून बघायचं होतं. दुसरं निघालं. तिसरं निघालं.

चौथं, भिंतीकडचं, पावसात भिजलेलं, निघेना. धूळ बसलेल्या जागी रंग पातळ राहिला होता. नखाएवढे तुकडे हातात येत. मी गुडघे टेकून खरवडत बसले. घाम डोळ्यांत जायला लागला. जरा वेळाने प्रशांत माझ्या शेजारी बसला आणि चाकाच्या दुसऱ्या बाजूने नखाने काढायला लागला. तो वरून, मी खालून. मध्ये एकदा आमची बोटं एकाच आऱ्यावर आली, त्याने हात मागे घेतला. आईने दारातून पाहिलं आणि आत गेली. लग्नाच्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं असं एकच काम मला आठवतं, आणि ते आमच्यातलं शेवटचं होतं.

चाक बरंचसं स्वच्छ झालं तेव्हा तो म्हणाला, “त्या दिवशी घाटात भीती वाटली नाही तुला?”

“वाटली.”

त्याने मान हलवली. पुढे काहीतरी विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, विचारलं नाही. मला ते बरं वाटलं. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. नखांत दोघांच्याही काळं भरलं होतं.

गाडी कॉलनीच्या वळणावरून गेली. अंगणात जिथे ती उभी असायची तिथली जमीन फिकट, चौकोनी राहिली होती. मी पायरीवर बसले. किती वेळ बसले कोण जाणे. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठावंसं वाटलं नाही, फिरावंसंही वाटलं नाही. ऊन उतरायला लागलं. कुठूनतरी छाटलेल्या वेलींचा ओला वास येत होता. नुसतं बसता येतंय, एवढंच मी बघत होते.

मग अण्णा बाहेर आले. रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. इगतपुरीच्या बाजूला एक ढग चढत होता.

“अंधार पडायच्या आत घाट उतरेल ना तो?” त्यांनी विचारलं.

“उतरेल, अण्णा,” मी म्हटलं. “गाडी चांगली आहे.”

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. आईने आमची दोन्ही ताटं बाहेर आणून ठेवली.